राळेचा धूर : नऱ्ह्याच्या वर्कशॉपमधल्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आजपासून ही वही वेगळी ठेवते आहे. उत्पादनाच्या वहीत या गोष्टींना रकाना नाही, आणि रकाना नसला की गोष्ट राहून जाते.

पावसाची झड पश्चिमेच्या खिडक्यांतून थेट टेबलांवर येते, म्हणून सकाळीच सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. अकरा वाजेपर्यंत ट्यूबलाइटखाली धुराचा निळसर पट्टा तरंगायला लागला. उन्हाळ्यात तो दिसत नाही, वारा त्याला पळवून नेतो. पण तयार तेवढाच होत असतो.

हाताने सोल्डरिंगची, म्हणजे शिसं-कथलाची वायर वितळवून जोड देण्याची, सहा टेबलं, एक डिप पॉट (वितळलेल्या सोल्डरचं भांडं), एक तपासणीचं टेबल. आठ बायका. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी सर्किटची कार्डं, बनतात. मी स्वतः सात वर्षं टेबल दोनवर बसले, मग सुपरवायझर झाले, त्यामुळे हा वास माझ्या ओळखीचा आहे. आज वेगळं झालं ते एवढंच, की टेबल चारच्या मावशी डबा अर्धा टाकून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले.

"काही नाही गं. घसा खवखवतोय. रात्री जरा जास्त होतं, उठून बसावं लागतं."

कधीपासून?

"दिवाळीनंतर असेल."

सुट्टीच्या दिवशी पण होतं का, असं विचारलं तर त्या जरा थांबल्या. "गुरुवारी बरं असतं," म्हणाल्या, आणि पुन्हा स्वतःशीच, "हो की. गुरुवारी बरं असतं."

आमचा साप्ताहिक बंद गुरुवारी असतो.

१२ जून, बुधवार

सरांच्या कानावर घातलं. ते वाईट माणूस नाहीत, लगेच म्हणाले की शिशाचा धूर आहे, म्हणून तर आपण रोज गूळ देतो; हवं तर दूधही सुरू करू. लीड-फ्री, म्हणजे बिनशिशाची, वायर घेऊ या का, तेही विचारलं.

या तिन्ही गोष्टींचं उत्तर मला नीट देता आलं नाही, म्हणून रात्री बसून वाचलं. इथे माझ्यासाठीच लिहून ठेवते.

डोळ्यांना दिसतो तो धूर शिशाचा नाही. शिसं उकळतं १७४९ अंशांना. आमच्या सोल्डरिंग आयर्नचं बिट, म्हणजे तापतं टोक, असतं साडेतीनशे ते चारशेच्या आसपास. त्या तापमानाला हवेत जाणारं शिसं अगदी नगण्य. धूर होतो तो वायरच्या पोटात भरलेल्या फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून घातलेल्या पदार्थाचा), आणि आमच्या वायरमधला फ्लक्स म्हणजे राळ. चीडच्या झाडाचा चीक, त्यातलं टर्पेंटाइन काढून घेतल्यावर उरतो तो पिवळा, काचेसारखा खडा. ही राळ तापली की तिच्यातल्या आम्लांचे बारीक कण हवेत उडतात, बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही लहान, आणि सोबत फॉर्मल्डिहाइडसारखे वायू. कण इतके बारीक, की नाकाच्या केसांना न जुमानता थेट फुप्फुसात खोलवर जातात.

राळेचा धूर दम्याचं माहीत असलेलं कारण आहे. नुसता त्रासदायक धूर नाही, ॲलर्जी जडवणारा. एखादीला वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एक दिवस शरीर त्याला ओळखायला लागतं. एकदा ओळखलं की मग थोडासा धूरही पुरतो. ब्रिटनने त्यासाठी मर्यादा ठरवली आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, पंधरा मिनिटांना ०.१५. आमच्या ट्यूबलाइटखालचा पट्टा डोळ्यांना दिसतो यावरूनच काय ते कळतं.

गूळ पोटात जातो, धूर छातीत. गुळाने छाती धुऊन निघत नाही. पण गूळ बंद करायचा नाही, बायका त्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन बसतात, तेवढी तरी हवा मिळते.

आणि लीड-फ्री. त्यात शिसं नाही हे खरंच मोठं काम आहे, पण आमची आत्ताची वायर १८३ अंशांना वितळते आणि लीड-फ्री २१७ च्या पुढे. म्हणजे बिट आणखी गरम, फ्लक्स आणखी जोरकस. शिसं जाईल, धूर वाढेल. दोन वेगळे धोके आहेत आणि दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही. हे सरांना उद्या नाही, परवा सांगायचं. उद्या बंद.

१७ जून, सोमवार

उदबत्तीचा प्रयोग केला. प्रत्येक टेबलावर जॉइंटच्या जागी पेटती उदबत्ती धरली आणि धूर कुठे जातो ते नुसतं पाहिलं.

पंखा बंद असताना धुराची रेघ सरळ वर चढते आणि वाकून बसलेल्या बाईच्या हनुवटीला लागून दोन फाटे होतात. एक गालावरून वर, एक नाकाखालून. तिथे तो रेंगाळतो. बिट ते नाक हे अंतर मी पट्टीने मोजलं: टेबल एकला २२ सेंटिमीटर, टेबल पाचला १८. जॉइंट बारीक, चष्मा जुना, म्हणून मान खाली.

टेबल एकवर सरांनी प्रेमाने दिलेला छोटा पंखा आहे. तो धूर तिथल्या ताईंच्या तोंडावरून हटवतो आणि टेबल दोनवाल्या मुलीच्या तोंडावर नेऊन सोडतो. तिथून तीनवर. चारवर मावशी. मी टेबल दोनला होते तेव्हाही असाच एक पंखा होता, आणि मला वाटायचं, आपल्याला तो नाही म्हणून आपल्याला त्रास.

माझं आजोळ कसब्यातलं, तांबट आळीच्या जवळ. लहानपणी कल्हईवाला बसायचा तिथे मी तासन् तास उभी असायचे. भांडं तापलं, कथील फिरलं, की तो नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढरा लोट उठायचा. त्या क्षणी तो न चुकता मान वळवून श्वास धरायचा, लोट गेला की मगच परत बघायचा. त्याला कोणी शिकवलं असेल ते असो, त्याच्या अंगात भिनलेलं होतं. आमचं काम बारीक असल्यामुळे आम्ही बरोबर उलटं करतो: धूर उठतो त्या क्षणीच आम्ही सगळ्यात जवळ वाकलेलो असतो.

२१ जून, शुक्रवार

आज शिशाची वाट पाहिली. म्हणजे कोणाला काही न म्हणता दिवसभर फक्त हात बघितले.

सोल्डर वायर धरधरून बोटं राखाडी होतात, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच बोटांनी साडेदहाचा चहा, टेबलावरच, कपाच्या कडेला अंगठा लावून. टेबल सहाच्या ताई दोन्ही हात अडकले की वायरचं टोक दातात धरतात. आज चार वेळा. पॉटवरच्या काकू जेवणानंतर मिश्री लावतात, तर्जनीने, हिरड्यांवरून सावकाश फिरवत. त्याआधी त्यांनी पॉटवरची राखाडी मळी पळीने काढून पत्र्याच्या डब्यात झाडली होती. झाडताना भुकटी उडाली, ती उजेडाच्या तिरिपेत मला दिसली. हात त्यांनी पदराला पुसले.

शिसं नाकातून नाही, असं बोटाबोटाने तोंडात जातंय. आणि पदराला लागून घरी.

मिश्री सोडा असं मी सांगणार नाही. सांगून सुटत नाही आणि ती वेगळी लढाई आहे. हात धुतल्याशिवाय लावायची नाही, एवढं मात्र मनापासून सांगितलं. काकू म्हणाल्या, "नळ खाली आहे. दोन जिने." ते खरं आहे. वरच्या मजल्यावर बेसिन नाही, ही चूक काकूंची नाही.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात मुक्कामी. तिघी दर्शनाला गेल्या, काम निम्मं. तेवढ्या वेळात सगळ्या आयर्नची तापमानं तपासली. चार टेबलांवर ४२० अंश लावलेलं निघालं. कारण विचारलं तर बिट काळी पडलीत, उष्णता पकडत नाहीत, म्हणून वाढवलं. बिट बदलली, बिट पुसायला पितळी चोथ्याचे डबे ठेवले, टोकदारच्या जागी चपटी बिट दिली आणि सगळी ३५० वर आणली. जॉइंट तितकेच चकचकीत येतात. धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. दोन हजारांच्या आतलं काम, इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

५ जुलै, शुक्रवार

मावशींना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. याआधी घराजवळ एका ठिकाणी त्यांना सात महिने खोकल्याचं औषध देत होते. काम काय करता, हे तिथे कोणी विचारलं नव्हतं. इथे डॉक्टरांचा तोच पहिला प्रश्न.

त्यांनी पीक फ्लो मीटर दिलं, फुंकण्याचा जोर मोजायचं साधन. प्लॅस्टिकची नळी, आकडे लिहिलेले, एक लाल काटा. खोल श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा. दिवसातून चार वेळा, चार आठवडे, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही. कामामुळे होणारा दमा एका दिवसाच्या तपासणीत पकडता येत नाही. काम आणि श्वास एकमेकांबरोबर वर-खाली होतात का, ते बघावं लागतं.

मावशी तिसरीपर्यंत शिकलेल्या. मी त्यांना चौकटी आखून दिल्या: सूर्य, चहाचा कप, दिवा, चंद्र. आकडे त्या सुंदर काढतात.

१३ जुलै, शनिवार

धूर ओढून घेण्याचा हिशेब.

टेबलावर ठेवायचा पंखा आणि समोर काळ्या फोमची पातळ चकती, अशी खोकी बाजारात मिळतात. एक आणून पाहिलं. वास कमी होतो, म्हणून बरं वाटतं, पण बारीक कण त्या फोममधून निघून मागून पुन्हा खोलीतच येतात. कणांसाठी हेपा आणि वायूंसाठी भरपूर कार्बन असा दोन्ही गाळण असेल तरच हवा खोलीत परत सोडावी. ती यंत्रं सात टेबलांना परवडत नाहीत. त्यापेक्षा धूर उगमापाशी पकडून छतावर नेऊन सोडणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

यात सगळा खेळ अंतराचा आहे. फुंकलेली हवा लांब जाते, ओढलेली जात नाही. मेणबत्ती हातभरावरून फुंकून विझवता येते, तेवढ्यावरून श्वास ओढून विझवता येत नाही. धूर ओढणाऱ्या पाइपचं तोंड १० सेंटिमीटर व्यासाचं घेतलं आणि जॉइंटपाशी सेकंदाला अर्धा मीटर वेग हवा असेल, तर १० सेंटिमीटर अंतराला तासाला साधारण १९४ घनमीटर हवा ओढावी लागते. तेच तोंड १५ सेंटिमीटरवर गेलं की ४१९. पाच सेंटिमीटरला दुपटीहून जास्त. म्हणजे मोठा ब्लोअर आणण्यापेक्षा तोंड जवळ आणणं हे खरं काम, आणि ते बायकांच्या हाताला न अडता आणणं हे त्याहून खरं.

सात जागा, १९४ प्रमाणे साधारण १३५० घनमीटर. मुख्य पाइप आठ इंची धरला तर आतला वेग सेकंदाला १२ मीटरच्या आसपास. ठीक आहे.

सरांपुढे कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "मावशींचे आकडे येऊ देत," म्हणाले. मी म्हटलं, आकडे मावशींसाठी लागतात, पाइप बाकीच्या सात जणींसाठी. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी सही केली.

२९ जुलै, सोमवार

गुरुवारी, २५ तारखेला, खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. मावशींचं घर त्याच बाजूला. अंथरुणं, धान्य, सगळं गेलं. त्या कोथरूडला बहिणीकडे गेल्या आणि आज कामावर आल्या. येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पीक फ्लोचा तक्ता आणला. "हा मात्र पोटाशी धरला होता," म्हणाल्या.

तक्ता बघून मी खाली बसले. कामाच्या दिवशी दिव्याच्या चौकटीत २४०, २३०, २४०. चंद्राच्या चौकटीत त्याहून खाली. गुरुवारी २७०, २८०. आणि गुरुवार ते रविवार असे सलग चार दिवस लांब राहिल्यावर, एवढ्या धावपळीत, झोप नसताना, रविवारी रात्री ३१०. आज संध्याकाळी सहा वाजता पुन्हा २५०.

घर वाहून गेलेल्या चार दिवसांत त्यांचा श्वास आमच्या वर्कशॉपमधल्यापेक्षा मोकळा होता.

२ ऑगस्ट, शुक्रवार

डॉक्टरांनी तक्ता आणि स्पायरोमेट्री (श्वासाची यंत्रावरची तपासणी) पाहून स्पष्ट लिहून दिलं: कामामुळे झालेला दमा, राळेच्या धुराचा संशय, या धुरापासून पूर्ण दूर ठेवा. मास्क लावून बसल्या तर? डॉक्टर नाही म्हणाले. एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही. आणि ज्याला ॲलर्जी जडली त्याला उरलेलं थोडंसंही बाधतं. जितक्या लवकर दूर, तितकी बरं होण्याची आशा जास्त.

मावशींचा प्रश्न एकच होता: "मग माझा पगार?"

सोल्डरिंगला जॉइंटमागे मिळतो, तपासणीला दिवसावर, आणि तो कमी. आजाराची शिक्षा आजारी बाईनेच भोगायची, असं होतं ते. सरांशी आज पाऊण तास बोलले. कामगार राज्य विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत, ॲलर्जी जडवणाऱ्या पदार्थांपासून झालेला दमा स्पष्ट लिहिलेला आहे, हेही सांगितलं. पण शेवटी ते पटले ते कायद्याने नाही. "पंधरा वर्षं आहेत त्या आपल्याकडे," असं स्वतःच म्हणाले. मावशी सोमवारपासून तपासणीवर, गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीने पगार. तपासणीचं टेबल पलीकडच्या खोलीत हलवायचं, मध्ये दार. विम्याचा अर्जही मी भरून देणार.

९ ऑगस्ट, शुक्रवार

रक्तातल्या शिशाचे अहवाल आले. आठ जणी आणि मी. डेसीलीटरला मायक्रोग्रॅममध्ये: सहा जणी पाचच्या खाली, टेबल सहाच्या ताई ७, मी ६, पॉटवरच्या काकू १४. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं म्हणणं असं, की पाच किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा.

आम्हाला कुठून ते माहीत आहे. वायर दातात, मळी पळीत, बोट मिश्रीत.

माझे ६ बघून मन जरा चरकलं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडात गेलेलं वर्षानुवर्षं राहतं, आणि बाळंतपणात हाडातून परत रक्तात उतरतं, वारेतून बाळापर्यंत जातं. माझी धाकटी पोटात असताना मी टेबल दोनवर होते. टेबल दोनच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. तिला बाजूला घेऊन हे नीट सांगितलं, भीती न घालता. बाकीच्यांनाही सांगितलं, पण आधी तिला.

वर बेसिन बसवलं. साबण, नखांचा ब्रश. चहा आणि डबा जिन्याजवळच्या खोलीतच. ॲप्रन इथेच राहणार, इथेच धुतले जाणार. कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. मळी झाकणाच्या डब्यात, ओलसर करून. टेबल सहाला वायर धरायचा स्टँड दिला, तीनशे रुपये.

२० ऑगस्ट, मंगळवार

पाइप बसला आणि चालला नाही.

तपकीर गल्लीतून ब्लोअरचा स्टार्टर आणि केबल आणली, पत्र्याचं काम धायरीच्या फॅब्रिकेटरने केलं. चालू केलं तर टेबल एकवर कागद चिकटून बसतो आणि टेबल सहावर उदबत्तीचा धूर हलतसुद्धा नाही. ब्लोअरच्या जवळच्या तोंडांनीच सगळी हवा ओढून घेतली. माझी चूक: पाइपच्या प्रत्येक फांदीला झडप हवी होती, मी पैसे वाचवायला तीनच सांगितल्या होत्या. शिवाय कोपऱ्यांवर काटकोनी वळणं दिली गेली, तिथेही जोर मरतो.

वरून शेजारच्या पॅकिंगवाल्यांनी निरोप पाठवला की धूर त्यांच्या खिडकीत येतोय. त्यांचं बरोबर होतं. आमच्या बायकांच्या नाकातून काढून त्यांच्या पोरांच्या नाकात घालणं हा उपाय नाही. चिमणी छताच्या वर दोन मीटर उचलायची.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सातही झडपा बसल्या, वळणं गोल केली, चिमणी वर गेली. ॲनेमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजायचं यंत्र, भाड्याने आणून एकेक झडप लावत तीन तास घालवले. जॉइंटपाशी वेग कुठेही सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली नाही. मग झडपांवर रंगाची रेघ मारली, कोणी हलवली तर कळावं.

पुन्हा उदबत्ती. धुराची रेघ उठली, बोटभर वर चढली आणि तिरकी होऊन पाइपच्या तोंडात शिरली. टेबल पाचच्या ताईंनी ती स्वतः हातात घेऊन तीन-चार वेळा पाहिली. मग नेहमीसारख्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "वासच नाही. चुकल्यासारखं वाटतंय."

आवाज आहे, रेडिओ ऐकू येत नाही. ब्लोअर खाली रबर घालायचं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

नवीन वायर आली. विक्रेत्याने नो-क्लीन आहे, धुराचं काही नाही, असं सांगितलं होतं. सुरक्षा पत्रक मागवलं तर त्यात मॉडिफाइड रोझिन, म्हणजे राळच. नो-क्लीन म्हणजे कार्ड धुवावं लागत नाही एवढंच. राळ नाही असा त्याचा अर्थ नाही. माल परत पाठवला. उद्या गणपती, बाकीचं नंतर.

२३ सप्टेंबर, सोमवार

मावशींचे आकडे: गेले तीन आठवडे २९० च्या खाली नाहीत. रात्रीचं उठणं आठवड्यातून एखाद्या वेळी. इनहेलर चालूच आहे आणि डॉक्टर म्हणतात बराच काळ लागेल. मधलं दार उघडं राहिलं त्या दिवशी मात्र संध्याकाळी लगेच २६०. दाराला आपोआप लावणारी स्प्रिंग बसवली.

काकूंचं रक्त डिसेंबरात पुन्हा.

१ ऑक्टोबर, मंगळवार

टेबल चारवर नवीन मुलगी आली, आंबेगावची, एकोणीस वर्षांची. आयर्न हातात देण्याआधी पीक फ्लो घ्यायचं ठरवलं होतं, म्हणजे पुढे काही झालं तर तुलनेला पहिला आकडा असेल. ती लाजून हळूच फुंकत होती, २२०, २४०. मावशी पलीकडून आल्या, दार मागे नीट लावून घेतलं, नळी धुतली आणि म्हणाल्या, "असं नाही बाळा. वाढदिवसाचं नाही फुंकायचं. उभी राहा सरळ. हं, आता एकदम."

३६०. मी तारीख घातली, आकडा मावशींनी लिहिला.